खिचडीतला पिवळा

पलूस तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारी खिचडी शिजते ती पिवळी. तांदूळ पांढरा, मूगडाळ फिकट, तरी पातेल्यातून पिवळंच वाढलं जातं, कारण फोडणीत हळद पडलेली असते. या पिवळ्याची दोन घराणी आहेत. एक कृष्णाकाठच्या रानातलं, दुसरं दगडी कोळशाच्या डांबरातलं. आज ही दोन्ही एकाच किराणा दुकानात, कधी कधी एकाच पुडीत भेटतात आणि नुसत्या डोळ्यांना त्यांच्यातला फरक कळत नाही. दुसरं घराणं पोरांच्या ताटापर्यंत कसं आलं आणि त्याला शाळेच्या दारात अडवायला किती उशीर लागला, त्याची ही कुळकथा.

पहिलं घराणं आपल्या ओळखीचं. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली या पट्ट्यात अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळद लागते आणि आठ-नऊ महिने रानात राहते. काढणी झाली की कंद काहिलीत शिजवायचे. शिजल्याने कच्चा वास जातो, रंग कंदात सगळीकडे सारखा पसरतो आणि माल लवकर वाळतो. मग पंधरवडाभर उन्हात वाळवण. त्यानंतर फिरत्या ढोलात घालून पॉलिश करतात, म्हणजे साल आणि मुळ्या घासून निघतात. तिथून हळकुंडं सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला जातात. भाव पडलेला असला की माल हरिपूरच्या पेवांत ठेवायची रीत होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हवा खेळत नाही, म्हणून किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

हळदीतला पिवळा म्हणजे कुरकुमिन. फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी १८१५ साली फ्रान्समध्ये तो वेगळा काढला. युरोपात खाद्यरंगांना क्रमांक देण्याची पद्धत आहे. त्या यादीतला पहिला क्रमांक, ई १००, याच हळदीच्या रंगाचा. मात्र हा रंग नाजूक आहे. उन्हात तो उडतो. चुना लागला की लाल होतो, आणि हळदीचं कुंकू करता येतं ते त्यामुळेच. दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने पडलेली पूड फिकी दिसायला लागते आणि गिऱ्हाईक मात्र झळझळीत पिवळं बघून पुडी उचलतं. हळदीत पहिली भेसळ शिरली ती या फटीतून.

ती शिरली पॉलिशच्या ढोलात. हळकुंडांना तकाकी यावी म्हणून ढोल फिरत असताना हळदीचीच पूड टाकायची किंवा हळदीचं पाणी शिंपडायचं, ही चांगली रीत. यात काही गैर नाही. पण काही ठिकाणी त्या पाण्यात ‘मिडल क्रोम’ मिसळायची सवय लागली. मिडल क्रोम म्हणजे लेड क्रोमेट, लोखंडी सामानाला लावायच्या पिवळ्या रंगातलं शिसं. शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि स्थानिक संशोधकांनी त्याचा माग काढला, तो थेट हळदीपाशी येऊन थांबला. ते २०१९ साली जाहीर झालं. सरकारने बाजारात छापे घातले, दंड केले, गावोगाव सांगितलं. २०१९ला तिथल्या बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ला एकाही नमुन्यात नव्हतं. मनावर घेतलं तर दोन वर्षांत हे होतं, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

लेड क्रोमेटचं खाण्यातलं कूळ जुनं आहे. १८३१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने लंडनच्या दुकानांतल्या रंगीत गोळ्या-मिठाई तपासून अहवाल छापला. लहान मुलं चोखत होती त्या गोळ्यांत शिशाचे, पाऱ्याचे आणि तांब्याचे रंग निघाले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं त्याने उभं केलं. आपल्याकडे त्याचं नाव तारेमुळे राहिलं. मला मात्र त्याचं मोठं काम त्या गोळ्यांचं वाटतं.

आता दुसरं घराणं. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनीन कृत्रिम रीतीने बनवायला बसला होता. क्विनीन बनलं नाही. दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या द्रव्यापासून जांभळा रंग मात्र हाती आला. कापड रंगवणाऱ्यांना सोनं सापडलं. दोन वर्षांनी पीटर ग्रीस याने ज्या रासायनिक क्रियेचा शोध लावला, तिच्यातून ‘अझो’ रंगांचा अख्खा गोतावळा जन्माला आला. मेटॅनिल यलो त्यातलाच. टार्ट्राझिनही त्यातलाच, १८८४ साली योहान हाइनरिश त्सिगलर याने काढलेला. हे रंग लोकर, रेशीम आणि कातडं यांच्यासाठी होते. स्वस्त, चिमूटभर पुरणारे, उन्हात न उडणारे. कुरकुमिनमध्ये जे उणं होतं ते सगळं यांच्यात भरपूर होतं, म्हणून कापडाच्या हौदातून ते हलवायाच्या कढईत यायला वेळ लागला नाही.

खाण्यात कुठला रंग चालेल हे आधी कुणी तपासलंच नव्हतं. अमेरिकेत १९०६ साली अन्नशुद्धीचा कायदा झाला, तेव्हा बर्नहार्ड हेसी या रसायनज्ञाने बाजारात खाण्यासाठी विकले जाणारे ८० रंग पाहिले आणि त्यांतल्या फक्त सातांना संमती द्यावी असं सुचवलं. त्या सातांतलाही ‘ऑरेंज नंबर १’ पुढे बाद झाला, कारण १९५०च्या हॅलोविन सणाला नारिंगी मिठाई खाऊन मुलं आजारी पडली. पोरं आजारी पडायची आणि मग यादीतून एक नाव कमी व्हायचं, असाच क्रम राहिला.

आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली आला. आज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टार्ट्राझिन, सनसेट यलो, पाँसो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तीही ठरलेल्या पदार्थांतच, मिठाई, बिस्किटं, आइस्क्रीम, सरबतं यांसारख्या, आणि बहुतेक ठिकाणी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. मेटॅनिल यलो या यादीत कधीच नव्हता. तरीही तो लाडवात, डाळीत, हळदीत सापडत आला. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतल्या नागराज आणि देसिराजू यांनी १९९३ साली वाढत्या वयाच्या उंदरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मेटॅनिल यलो सतत पोटात गेल्याने उंदरांच्या मेंदूतल्या द्रव्यांवर आणि शिकण्यावर परिणाम झाल्याचं त्यात दिसलं. शाळेच्या ताटाचा विषय असताना ‘शिकण्यावर’ हा शब्द मला टोचतो.

शाळेचं ताट तसं उशिरा आलं. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. तांदूळ-डाळीबरोबर तेल, मीठ, मोहरी, जिरे, मसाला आणि हळद येते. या सामानात ‘खायचा रंग’ नाही, आणि भात-डाळीत कृत्रिम रंग घालायला कायद्यानेही मुभा नाही. खिचडी रांधणाऱ्या मावशींच्या हातात एकच रंग आहे, तो हळदीचा. म्हणून ती हळद खरी आहे की नाही, हाच शाळेपुरता पहिला प्रश्न.

तो तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पूड वरून सोडावी. खरी हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर काहीतरी मिसळलं आहे. मेटॅनिलसाठी विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघावेत. खऱ्या हळदीला चढलेली लाली पाणी घातलं की निघून जाते, मेटॅनिलची गुलाबी तशीच राहते. शिशासाठी मात्र प्रयोगशाळाच हवी आणि पुरवठादाराच्या प्रत्येक खेपेची तपासणी निविदेतच लिहिलेली हवी. ज्या तालुक्यात हळद पिकते तिथल्या शाळेला हा आग्रह धरायचा पूर्ण हक्क आहे.

फाटकाबाहेरचं जग वेगळं. मधल्या सुट्टीत पोरं नळीतली पेप्सी, रंगीत बॉबी, बर्फाचा गोळा, म्हातारीचे केस घेतात. सुट्या मालाला वेष्टन नाही, त्यामुळे कुठला रंग किती, हे कुणी सांगू शकत नाही. २००७ साली इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. त्यानंतर मुलांची चंचलता वाढलेली दिसली. परिणाम सगळ्या मुलांवर सारखा नव्हता, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २०१०पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो आणि त्या सहांतले चार आपल्या आठांत आहेत. आपल्याकडे २०२०च्या नियमांनी अति साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांत विकायला बंदी घातली. त्या नियमांचं लक्ष्य साखर-मीठ-चरबी आहे, रंग नव्हे. २०२४ साली पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने ऱ्होडामाइन बी हा रंग सापडल्यावर म्हातारीचे केस बंद केले. कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. मिरजेहून पुढे गेलं की लागणारं हे राज्य आहे.

शाळेच्या ताटापुरती थेट रंगबंदी कॅलिफोर्नियाने केली. सप्टेंबर २०२४मध्ये तिथे कायदा झाला आणि २०२७ अखेरपासून सरकारी शाळांच्या जेवणात सहा कृत्रिम रंग चालणार नाहीत. त्यांत टार्ट्राझिन आहे, सनसेट यलो आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनला खाद्यपदार्थांतून काढायचा निर्णय घेतला. आपल्या आठांत तो आहे.

मग पलूसच्या शाळेत रंग येतो कुठून? खिचडीतून नव्हे, सणावाराला. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला जिलेबी वाटतात. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, म्हणून गावकरी तिथिभोजन देतात आणि त्यात नारिंगी बुंदी, केशरी भात येतो. मिठाईत परवानगीचे रंग कायद्याने चालतात, त्यामुळे इथे भेसळ झाली असंही म्हणता येत नाही. वर्षभर हळदीची खिचडी खाणारं मूल नेमकं आनंदाच्या दिवशी टार्ट्राझिन खातं. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून सांगावं: शाळेत वाटायच्या गोडात रंग नको, जिलेबी बिनरंगाची, भाताला खरं केशर नाहीतर चिमूटभर हळद. हलवायाला ऑर्डर देतानाच हे सांगायचं. त्याला रंग टाकायची सक्ती नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून तो टाकतो.

आणि शासनाने एका निर्णयात लिहावं, की पोषण आहार, तिथिभोजन आणि शाळेतला खाऊ यांत हे आठही रंग चालणार नाहीत. हलवायाचं दुकान, हॉटेल, घर यांना तो हात लावणार नाही. तो असेल फक्त शाळेच्या आवारापुरता, जिथे मूल स्वतः निवडून काही खात नाही.