लष्करातील महिला अधिकारी आणि शारीरिक निकष

भारतीय लष्करात वैद्यकीय सेवांव्यतिरिक्त अन्य शाखांत महिला अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक मर्यादांचा युक्तिवाद फेटाळून त्यांना स्थायी कमिशनसाठी पात्र ठरवले. लढाऊ शाखा या निकालाच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यानंतर 'शेप-१' हा श्रवण, दृष्टी, अवयवांची क्षमता व मानसिक स्वास्थ्य तपासणारा वैद्यकीय निकष वादग्रस्त ठरला. पुरुषांची ही तपासणी सेवेच्या पाचव्या वा दहाव्या वर्षी होत असे. अनेक महिलांची मात्र चाळिशी उलटल्यावर झाली. २५ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव असल्याचे नमूद केले. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पाच महिला अधिकारी दाखल झाल्या. पायदळ व रणगाडा दलाची दारे मात्र महिलांसाठी अद्याप बंद आहेत.