हलगी, कॉर्नेट आणि मुक्तिफौज

अंबाजोगाई हे लिहिलेल्या शब्दाचे गाव आहे. शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आम्ही अंबाजोगाईकर अभिमानाने दाखवतो. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेली पासोडी हा गावाचा दुसरा अभिमान. निजामी अमदानीत हेच गाव मोमिनाबाद झाले आणि येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी पडली. म्हणजे गावात दोन तऱ्हेचे वादन होते. छावणीत बिगुल वाजे, मांगवाड्यात हलगी. बिगुल वाजवणाऱ्याला पगार होता, गणवेश होता. हलगी वाजवणाऱ्याला बलुते होते, तेही मालकाची मर्जी असेल तर. गावाच्या इतिहासाने कवींची समाधी जपली, कापडावरची अक्षरे जपली. पालखीपुढे आणि वरातीपुढे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाजवले, त्यांच्या नावाचे पान मात्र त्या इतिहासात नाही.

याचे कारण वाजवणाऱ्याला काही सुचत नव्हते हे नाही. आपल्या समाजव्यवस्थेने ध्वनीलाही जात दिली आहे. हलगीला मेलेल्या जनावराचे कातडे लागते, म्हणून ती कातड्याला हात लावणाऱ्याने वाजवायची. सनई फुंकायची तर तोंड लावावे लागते, थुंकी लागते. म्हणून तीही वरच्यांच्या हातची नव्हे. मंगलकार्य त्या आवाजावाचून अडते, पण तो आवाज काढणारा मांडवाबाहेर उभा. माझ्या आजोबांच्या हातात हलगी होती. ती विस्तवावर शेकायची, ताणायची आणि बोलावणे आले की निघायचे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्यांच्या हाताला जी लय होती तिला गावाने कला म्हटले नाही, काम म्हटले. म्हणून वादनाचा इतिहास लिहिताना मी चार प्रश्न विचारतो. कोण वाजवतो? कोणासाठी वाजवतो? कोणाच्या हुकमाने वाजवतो? आणि जे वाजते ते कोणी रचले? या चार प्रश्नांच्या कसोटीवर ख्रिस्ती बँडचा इतिहास तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची सुपारी आणि वरात येते. पश्चिमेत मात्र बँडसाठी स्वतंत्र रचना लिहिल्या जातात. प्रत्येक वादकापुढे त्याच्या सुरांचा कागद असतो आणि श्रोते बसून ऐकतात. ख्रिस्ती आशयाच्या अशा रचनांची एक मोठी परंपरा साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे आपल्याकडच्या मुक्तिफौजेने घडवली. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत हे काम सुरू केले. १८७८ मध्ये त्याला फौजेचे नाव मिळाले. त्याच वर्षी सॉल्झबरी गावातला चार्ल्स फ्राय हा बांधकाम करणारा गृहस्थ आपल्या तीन मुलांसह पितळी वाद्ये घेऊन प्रचारकांच्या बाजूला उभा राहिला. रस्त्यावरच्या सभांत गुंड धुडगूस घालीत, त्यांच्यापासून बचाव करणे हे त्यांचे पहिले काम. वाद्ये सोबत होती म्हणून ती वाजली, आणि त्यातून बँड जन्मला. दारूच्या गुत्त्यातल्या आणि नाटकघरातल्या लोकप्रिय चाली उचलून त्यांवर प्रार्थनेचे शब्द बसवण्यात या फौजेला संकोच वाटला नाही. १८८३ मध्ये तिचा संगीत विभाग निघाला. रिचर्ड स्लेटर यांना या संगीताचे जनक मानतात. पुढे याच परंपरेत एरिक बॉल घडले. त्यांची १९५० मधली 'रिसर्गम' ही पितळी बँडसाठीची रचना शब्दावाचून मरण आणि पुनरुत्थान यांविषयी बोलते, आणि ती आजही वाजते. इंग्लंडच्या पितळी बँडांत गिरणीतला मजूर, खाणीतला मजूर बसत होता. तो सुरांचा कागद वाचीत होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी ही फौज मुंबईला उतरली. फौज कसली, चार माणसे. फ्रेडरिक टकर हे त्यांचे पुढारी. सरकारी सिव्हिल सर्व्हिसमधली मोठी नोकरी सोडून ते यात आले होते. त्यांच्याबरोबर हेन्री बुलार्ड, आर्थर नॉर्मन आणि मेरी थॉम्पसन. कॉर्नेट, ढोल आणि खंजिरी घेऊन ही मंडळी मुंबईच्या रस्त्यावर निघाली आणि पोलिसांनी त्यांना अडवले. वाजतगाजत मिरवणूक काढल्याने धार्मिक दंगा होईल, असे कारण दिले गेले. अटका झाल्या, दंड झाले, पुढे तुरुंगवासही झाला. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी या परधर्मीयांच्या बाजूने जाहीर आवाज उठवला. टकर यांनी भगवे वस्त्र घेतले, अनवाणी फिरले, फकीर सिंग हे नाव धारण केले आणि देशी चालींवरच्या गाण्यांना जागा दिली.

या प्रसंगाकडे ख्रिस्ती लेखकांनी धर्मस्वातंत्र्याचा लढा म्हणून पाहिले. आपण मांगवाड्यातून पाहिले तर वेगळेच दिसते. येथे साहेब स्वतः रस्त्यावर उभा राहून कॉर्नेटला तोंड लावत होता आणि गोरी बाई खंजिरी वाजवीत होती. साहेब म्हणजे ज्याच्यापुढे वाजवले जाते तो. त्यानेच वाजवणाऱ्याची जागा घेतली. राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला याचा धक्का बसला, आणि जातीच्या व्यवस्थेने वाद्याभोवती आखलेली विटाळाची रेघही क्षणभर पुसली गेली. जे काम आमच्यावर कलंक म्हणून लादले होते, ते कोणी आपखुशीने, आपल्या श्रद्धेसाठी आणि मजुरीवाचून करू शकतो, हे रस्त्यावर दिसले. मुक्तिफौजेच्या बँडमध्ये वादकाला वेतन नसते. गावच्या वेठीलाही वेतन नव्हते. पण एक फुकट वाजवणे हुकमाचे आणि दुसरे इच्छेचे. या फरकात माणूसपण आहे.

मुक्तिफौज मुंबई इलाख्यात पसरली, नगरला तिचे इस्पितळ झाले आणि दलित वस्त्यांतली कुटुंबे तिच्या झेंड्याखाली आली. आमच्या बीड जिल्ह्याला लागून असलेला नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, मिशनच्या कामाचे जुने केंद्र. अमेरिकन मराठी मिशन तेथे १८३१ मध्ये आले. त्याच मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघाला. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध याच 'ज्ञानोदया'त छापून आला. जिच्या जातीला गावाने फक्त वाजवायला बोलावले, ती तेथे लिहिताना दिसली. मिशनने अक्षर दिले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मग सूर दिले का? येथे इतिहास दोन वाटांनी जातो. गाण्याच्या वाटेवर मराठी माणूस रचनाकार झाला. प्रारंभी हेन्री बॅलंटाइन यांच्यासारखे मिशनरी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते बसवीत. नंतर कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींची पदे आणि ख्रिस्ती कीर्तन लोकांपर्यंत नेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची घडण ख्रिस्ती भक्तीत आणली, आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची शेकडो गीते आहेत. टिळकांची प्रतिभा मोठीच. पण ज्या परंपरेतून ते अभंग आणि कीर्तन घेऊन आले, ती घरातूनच त्यांना मिळालेली होती. ब्राह्मण धर्मांतरिताने आपली वीणा बरोबर आणली आणि चर्चने ती प्रेमाने घेतली. मांग धर्मांतरिताची हलगी मात्र त्याच्या आधीच्या गुलामगिरीची खूण ठरली. तिच्याकडे संगीत म्हणून पाहण्याचा विचार फार थोड्यांच्या मनात आला.

बँडच्या वाटेवर तर दार लंडनला होते. मुक्तिफौजेचा नियम असा होता की तिच्या बँडने तिनेच छापलेले संगीत वाजवावे. विसाव्या शतकात दीर्घकाळ हा नियम पाळला गेला. शिस्त आणि शुद्ध आशय यांसाठी तो असेल. परंतु त्याचा अर्थ असा की रचनेवर शिक्का मारणारे टेबल दूर विलायतेत होते. कोण वाजवतो, या प्रश्नाचे उत्तर बदलले. कोणासाठी, याचेही बदलले. हुकूम पाटलाचा राहिला नाही. चौथा प्रश्न, जे वाजते ते कोणी रचले, तो मात्र जागेवरच राहिला.

या फौजेची दुसरी बाजूही झाकून ठेवता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्यांच्या वसाहती चालवण्याचे काम मुक्तिफौजेने पत्करले. १९०८ मध्ये गोरखपूरला डोम लोकांसाठी तिची पहिली वसाहत झाली. हे डोमही अनेक ठिकाणी वाजवणारेच. हजेरी आणि परवाना यांच्या कुंपणात माणसाला सुधारायचे, आणि त्या सुधारणेला मुक्ती म्हणायचे! लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्या वाचकाला हा कायदा माणसाचे काय करतो ते वेगळे सांगायला नको. मुंबईत १८८२ मध्ये पोलिसांनी ज्यांना अडवले, तेच सव्वीस वर्षांनी पोलिसांच्या कायद्याचे व्यवस्थापक झाले. दया आणि सत्ता यांची सोयरीक किती लवकर जुळते, याचे हे उदाहरण आहे.

सुरांचे लेखन हाती आले तर काय होते, हे पाहायला गोव्याकडे जावे. तेथल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना सुरांचे वाचन शिकवीत. जात तेथल्या चर्चमध्येही टिकली, हे खरे. तरीही या शिक्षणातून गावोगावचे 'मेस्त्री' उपवासकाळात गायची मोतेत रचू लागले. त्या परंपरेतले वादक पोलिसांच्या आणि संस्थानिकांच्या बँडांत शिरले आणि शेवटी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचे खरे लेखक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. सिनेमाच्या पाटीवर संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचेच येई, हा अन्याय त्यांच्याही वाट्याला आला. पण कागद त्यांच्या हातात होता, म्हणून आज तो अन्याय सिद्ध करता येतो. मराठवाड्यातल्या बँडमास्तराने कानाने शिकून कानानेच शिकवले. त्याच्यावरचा अन्याय सिद्ध करायला कागदही नाही.

निग्रो साहित्याशी आपण नाते सांगितले, तसे त्यांच्या बँडशीही सांगितले पाहिजे. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे डॅनियल जेंकिन्स या काळ्या धर्मोपदेशकाने १८९१ मध्ये अनाथालय काढले आणि जुनी वाद्ये गोळा करून मुलांचा बँड उभा केला. त्यातून पुढे नामवंत जॅझ वादक निघाले. न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेत बँड स्मशानाकडे जाताना प्रार्थनागीत संथ वाजवतो, आणि परतताना तीच परंपरा नाचरी होते. मालकाच्या धर्माने दिलेले गीत त्यांनी आपल्या पायांच्या तालावर चालायला लावले. हा रचनेचा हक्क त्यांनी कोणाच्या शिक्क्याची वाट न पाहता बजावला.

आपल्याकडे तो हक्क दुसऱ्या मार्गाने आला. मे १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हा प्रश्न महार परिषदेपुढे ठेवला. मुक्तीचे नाव लावलेली फौज तेव्हा या देशात चोपन्न वर्षे वाजत होती, तरी प्रश्न शिल्लकच होता. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरील त्यांचे निबंध १९८९ मध्ये इंग्रजी ग्रंथावलीच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांची सेवा त्यांनी नाकारलेली नाही. पण चर्चमध्ये जात टिकली आणि धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही, ही त्यांची तक्रार आहे. त्याच काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ढोलकी तीच, पण शब्द, चाल आणि हुकूम आपला. ज्या चौथ्या प्रश्नाशी ख्रिस्ती बँड अडला, तो जलशाने सोडवला.

म्हणून दलित ख्रिस्ती बांधवांकडे पाठ फिरवावी, असे मी म्हणत नाही, उलट म्हणतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत धर्माशी बांधली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. २०२२ मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला. बँडचा गणवेश उतरवला की गाव त्याला जुन्याच नावाने हाक मारते, आणि कचेरीत मात्र त्याला जात नसते. २०२२ मध्येच दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून 'अबाइड विथ मी' हे प्रार्थनागीत वगळले गेले. इंग्रजांचे गीत गेले याचे दुःख करण्याचे मला कारण नाही. पण कोणता सूर राहील आणि कोणता जाईल हे वादकाला विचारून ठरत नाही, हे त्यातून पुन्हा दिसले.

यातून आपल्यापुढे काही कामे उभी राहतात. मराठवाड्यातल्या बँडमास्तरांच्या चाली, मग त्या चर्चमधल्या असोत, जयंतीच्या मिरवणुकीतल्या असोत की वरातीतल्या, विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित करून सुरांत लिहून काढाव्यात. ज्याची चाल त्याचे नाव त्या कागदावर यावे. महाविद्यालयांनी संगीत म्हणजे तंबोरा एवढीच समजूत सोडून हलगीचे बोल आणि पितळी वाद्यांचे लेखन शिकवावे. चर्चमधल्या तरुणांनी हलगीचा ताल बँडच्या रचनेत आणावा आणि तो लाजून आणू नये. नाताळच्या सकाळी वाजणारी रचना मांगवाड्यातल्या पोराने लिहिलेली असेल, तर तिच्यातला ख्रिस्त आमच्या ओळखीचा असेल. गोठ्यात जन्मलेल्या त्या मुलाला लंडनचा शिक्का लागत नव्हता.