डॉ. अनिल अवचट : वैद्यक शिकलेले पत्रकार, ‘गर्द’चे लेखक

वैद्यकाची पदवी घेऊनही ज्यांनी आयुष्यभर लेखणीचाच व्यवसाय केला, अशा मराठी लेखकांत डॉ. अनिल अवचट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुणे जिल्ह्यातील ओतूर येथे २६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून ते एम.बी.बी.एस. झाले. मात्र १९६६-६७च्या दुष्काळात बिहारमध्ये मदतकार्यासाठी गेलेला हा तरुण परतला तो वार्ताहर होऊन. त्या अनुभवांवरील ‘पूर्णिया’ हे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२च्या विशेषांकाचे संपादनही त्यांचेच. राजा ढाले यांच्या लेखामुळे तो अंक महाराष्ट्रभर गाजला.

पुणे-बंगळूरू महामार्गावरील निपाणी हे बेळगाव जिल्ह्यातील विडी-तंबाखूचे मोठे केंद्र. तेथील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडात दिवसभर भुकटी जाते. ठसका आणि चक्कर हा त्या कामाचाच भाग मानला जातो. या स्त्रियांच्या जिण्यावर अवचट यांनी ‘अंधेरनगरी निपाणी’ हा लेख लिहिला. आजार शरीरात दिसतो, पण त्याचे मूळ मजुरीत, वखारमालकाच्या सत्तेत आणि कामाच्या तासांत असते, ही दृष्टी त्यांच्या अशा सर्वच लेखनात आढळते. आकडेवारी मात्र त्यांच्याकडे फारशी सापडत नाही. धोरण आखणाऱ्याला ती उणीव जाणवेल; तथापि, माणसे बोलती करण्याचे त्यांचे कसब कोणत्याही पाहणी अहवालात मिळणारे नाही.

ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ पसरू लागली. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉईन. चांदीच्या कागदावर ती तापवून धूर ओढला जातो. काही दिवसांतच शरीर तिचे गुलाम होते. ती मिळाली नाही की अंग मोडून येते, नाकडोळे वाहतात, पोटात मुरडा पडतो, झोप उडते. व्यसनी मुले या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. हा शारीरिक त्रास साधारणपणे आठवडाभरात ओसरतो. ओढ मात्र टिकून राहते आणि खरी अडचण तीच असते. अवचट या मुलांमध्ये वावरले, त्यांच्या घरच्यांना भेटले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. पुढे ती ‘गर्द’ या नावाने पुस्तकरूपात आली.

ती लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. केवळ लिहून भागणार नाही, उपचारांची सोय हवी, असे ठरले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य दिले. अवचट यांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. दारूच्या व्यसनातून सुटू पाहणारेही तेथे येऊ लागले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढे कार्यकर्ते म्हणून सामावून घ्यायचे, ही या केंद्राची रीत. नव्या रुग्णाची सबब त्यांना तत्काळ ओळखता येते, हे उघड आहे. या उभारणीची हकिकत अवचट यांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात सांगितली आहे.

बातमीदाराने घटनेपासून अंतर राखावे, असा पत्रकारितेचा संकेत आहे. अवचट यांनी तो मोडला. ज्या प्रश्नावर लिहिले, त्याच्याच उपचारकेंद्राशी ते कायमचे बांधले गेले. मुक्तांगणचे रुग्ण त्यांना ‘बाबा’ म्हणत. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. अवचट यांना निर्वेध लिहिता आले, ते सुनंदाताईंच्या नोकरीच्या आधारावर. त्यांनी स्वतःही ते कधी दडवले नाही. १९९७ मध्ये सुनंदाताईंचे कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या वाट्याचे श्रेय अवचट यांच्या परिचयलेखांत अनेकदा एखाद्या ओळीत उरकले जाते.

‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘धार्मिक’, ‘कार्यरत’, ‘स्वतःविषयी’ ही त्यांची अन्य महत्त्वाची पुस्तके. ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाला २०१०चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ओरिगामी, लाकडावरील कोरीवकाम आणि बासरी हे त्यांचे छंदही वाचकांच्या परिचयाचे होते. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुक्तांगणच्या कामाची धुरा त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी आधीच स्वीकारली होती.