ओळखीची जागा आणि बदललेली खूण
संगणकाच्या नव्या दर्शनी रचनेवरील प्रतिक्रियांचा एक ऐतिहासिक विचार

यंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा यंत्राच्या अंतरंगाकडे जाते. गती किती वाढली, किंमत किती उतरली, कोणते काम नव्याने साध्य झाले, यांची नोंद होते. यंत्राचा जो भाग माणसाच्या हाताला व डोळ्याला भिडतो, त्याच्या दर्शनी रचनेचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः सामान्य माणसाच्या दृष्टीने ती दर्शनी रचना म्हणजेच यंत्र होय. ती बदलली की त्याचे यंत्रच बदलते, मग आतील चक्रे तीच का असेनात.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ ही कार्यप्रणाली विक्रीस आणली, तेव्हा या गोष्टीचा प्रत्यय जगभर आला. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ हे बटण तीतून काढून टाकण्यात आले होते. त्याविरुद्ध उठलेल्या ओरडीचे स्पष्टीकरण ‘माणसाला बदल नको असतो’ एवढ्या एका वाक्यात करण्याची प्रथा आहे. हे स्पष्टीकरण कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. आणि त्यासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा व मराठी टंकलेखनाच्या इतिहासाचा आधार घ्यावयाचा आहे.

हा पट्टा निवडण्यास कारण आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर येथील माळरानांवर एकामागून एक कारखाने आले. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग पोहोचली. अशा प्रदेशात संगणक हा मुख्यतः भांडाराच्या नोंदी, हजेरी, पगारपत्रके व फाटकावरील परवाने यांच्यासाठी वापरला जातो. तो वापरणाऱ्या कारकुनाचे ते शास्त्र नव्हे, अवजार आहे. अवजाराकडे त्याने पाहू नये, कामाकडे पाहावे, हीच अवजाराची सार्थकता. म्हणून दर्शनी रचनेतील बदलाचा परिणाम अशा माणसाच्या ठिकाणी जितका स्वच्छ दिसतो, तितका संगणकतज्ज्ञाच्या ठिकाणी दिसत नाही.

याच पट्ट्यातील एका परिचित वाहनाचे उदाहरण प्रथम घेणे सोयीचे होईल. आकुर्डीच्या बजाज कारखान्याशी जिचे नाव निगडित आहे, ती चेतक स्कूटर १९७२ पासून रस्त्यावर आली. तिचे गिअर डाव्या मुठीत होते. त्याच मुठीवरील दांडा ओढला की क्लच दाबला जाई, आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखाली होता. पुढे गिअररहित स्कूटरी आल्या. चालवण्यास त्या निःसंशय सोप्या होत्या. परंतु त्यांत डाव्या मुठीवरील तोच दांडा मागच्या चाकाचा ब्रेक झाला. २०२० साली चेतक हे नाव घेऊन जी विजेवरची स्कूटर चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली, तिचीही व्यवस्था अशीच आहे. म्हणजे नाव तेच, दांडा तोच, जागाही तीच. अर्थ मात्र निराळा. ज्याने कधी गिअरची स्कूटर चालवली नाही, त्याला यात काहीच अडचण नाही. ज्याचा डावा हात वर्षानुवर्षे त्या दांड्याला क्लच समजत आला, त्याला मात्र आधी शिकलेले विसरावे लागते. नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणे कठीण, हे येथे उघड होते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रकार अनोळखी नाही. सोस्यूरने चिन्हाची दोन अंगे सांगितली: एक दर्शक, दुसरे दर्शित. त्यांचा संबंध निसर्गसिद्ध नसून रूढीने बांधलेला असतो. पण एकदा बांधला गेला की कोणा एका व्यक्तीला तो मनास येईल तसा तोडता येत नाही. यंत्राच्या पृष्ठभागावरील खुणाही अशाच रूढ चिन्हांचा समुदाय होत. त्यांच्याबाबत एक तिसरे अंगही ध्यानात घ्यावे लागते, ते म्हणजे जागा. कारण हात खूण वाचून नव्हे, तर जागा ओळखून चालतो.

मराठी टंकलेखनाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. जुन्या यंत्रावर देवनागरीची रचना दृश्य रूपावर बेतलेली होती. कळा मोजक्या आणि जोडाक्षरे असंख्य. म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते कागदावर शेजारी शेजारी बसवावयाचे, अशी युक्ती योजली गेली. ख, थ, भ यांसारखी अक्षरे अर्ध्या रूपापुढे काना देऊन पुरी होत. ऱ्हस्व इकार कागदावर व्यंजनाच्या डावीकडे येतो, म्हणून त्याची कळ आधी दाबावी लागे. या पद्धतीला रेमिंग्टन कळफलक म्हणतात.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने इनस्क्रिप्ट हा निराळा कळफलक पुढे आणला. त्यात दृश्य रूपाऐवजी उच्चाराचा क्रम प्रमाण मानला गेला. स्वर डाव्या हाताला व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आली. अल्पप्राण वर्ण ज्या कळीवर, त्याचाच महाप्राण शिफ्टसह त्याच कळीवर आला. आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतर टंकावयाचा ठरला. वर्णमालेची जी शास्त्रशुद्ध मांडणी पाणिनीच्या परंपरेने दिली, तिचाच हा यांत्रिक अवतार होय. शिवाय एकच मांडणी देवनागरीप्रमाणे बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड इत्यादी लिप्यांनाही लागू पडते. शास्त्रीय दृष्टीने पाहता इनस्क्रिप्टची सरसता नाकारणे कठीण आहे.

असे असता टंकलेखक तिच्याकडे धावले नाहीत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या आयएसएम या आज्ञावलीत, तसेच पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, इनस्क्रिप्टच्या जोडीला टंकलेखन यंत्राचा जुना कळफलकही ठेवावा लागला. हे टंकलेखकांचे अज्ञान होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मिनिटाला ३० किंवा ४० मराठी शब्द हा वेग शासकीय परीक्षेने प्रमाणित केलेला असे, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत असे. ते कौशल्य ही टंकलेखकाची मालमत्ता होती. ती बोटांत साठवलेली होती, एवढाच फरक. कळफलक बदलताच ती मालमत्ता, नुकसानभरपाईवाचून, शून्यावर येत होती. मांडणीचा लाभ पुढच्या पिढीस मिळणार होता. झीज मात्र विद्यमान पिढीने सोसावयाची होती. विरोधाचे मूळ येथे आहे.

पुढे युनिकोडची पद्धती रूढ होऊ लागली. विंडोज २००० पासून मराठीलाही तिचा आधार मिळाला, आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक अनेकांच्या पडद्यावर आला. आता मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर अबाधित जाऊ लागला, हा लाभ अमोल होता. परंतु जुन्या सवयीने इकाराची कळ आधी दाबणाऱ्याला पडद्यावर एक ठिपक्यांचे वर्तुळ दिसे आणि त्याला तो इकार लटकलेला असे. यंत्राच्या लेखी तो स्वर निराधार होता. टंकलेखकाच्या लेखी तो अगदी आपल्या जागी होता. दोन्ही बाजूंनी नियम पाळला जात होता. पण नियम दोन होते.

आता विंडोजच्या इतिहासाकडे वळले असता तीच रेषा दिसते. बदलालाच विरोध होतो असे मानले, तर ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ चे स्वागत का झाले, हे सांगता येत नाही. पूर्वीच्या आवृत्तीत ज्या ‘प्रोग्राम मॅनेजर’मधून सर्व कामे सुरू होत, ती जागाच तिने मोडीत काढली होती. परंतु नव्या प्रवेशद्वारावर ‘स्टार्ट’ असा शब्द ठसठशीत लिहिलेला होता, आणि ज्याला जुनाच प्रोग्राम मॅनेजर हवा, त्याच्यासाठी तो आतमध्ये शाबूत ठेवलेला होता. नवी वाट उजेडात होती आणि जुनी बुजवलेली नव्हती.

विंडोज ८ ने या दोन्ही गोष्टी टाळल्या. बोटांनी चालवावयाच्या पाट्यांसारख्या पडद्यांसाठी आखलेली मोठ्या चौकोनांची रचना तिने मेजावरच्या संगणकावरही आणली. त्या कोपऱ्यात माउस नेऊन कळ दाबली असता काम होत असे. म्हणजे जागा होती, खूण नाहीशी झाली होती. ऑक्टोबर २०१३ मधील ८.१ या आवृत्तीत बटण परत आले, पण ते दाबले असता जुनी यादी न उघडता पडदाभर चौकोनच समोर येत. म्हणजे खूण आली, अर्थ आला नाही. लोक समाधानी झाले नाहीत, आणि यात नवल नाही. अखेर जुलै २०१५ मध्ये विंडोज १० ने यादीही परत दिली. जागा, खूण व अर्थ ही तिन्ही अंगे पुन्हा एकत्र येण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. या अवधीत अनेक संस्था विंडोज ७ वरच राहिल्या. कोणत्याही कचेरीच्या व्यवस्थापकास दर माणशी शिकवणीचा व खोळंब्याचा खर्च जमेस धरावा लागतो; तेव्हा तो निर्णय केवळ आळसाचा मानता येत नाही.

मुक्त आज्ञावलींच्या क्षेत्रातही हेच घडले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ या रचनेने लिनक्सच्या पडद्याचे रूप पालटले, तेव्हा नाराज मंडळींनी जुन्या ग्नोमच्या आधारावर मेट ही स्वतंत्र रचना उभी केली, आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी सिनॅमन घडवली. तेथे वापरकर्त्याच्या हाती मूळ आज्ञावली होती, म्हणून तक्रारीचे रूपांतर निर्मितीत झाले. चाकणच्या कचेरीतील कारकुनाच्या हाती ती नसते. त्याची प्रतिक्रिया कुरकुरीच्या रूपाने उमटते व विरून जाते. इतिहासात तिची नोंद राहत नाही.

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. नवी सोय जोडली गेली तर विरोध अल्प होतो. जागा हलली तर विरोध होतो, पण जुनी जागा काही काळ उघडी ठेवल्यास तो निवळतो. जागा तीच ठेवून अर्थ बदलला, अथवा अर्थ ठेवून खूण पुसली, तर विरोध सर्वांत तीव्र होतो. कारण तेव्हा वापरकर्त्याचे ज्ञान नुसते निरुपयोगी होत नाही, ते त्याच्याविरुद्ध काम करू लागते. विरोध करणाऱ्यांत जाणकार अधिक असतात, हेही यावरून उलगडते. ज्याने काही मिळवलेच नाही, त्याला गमावण्यासारखे काही नसते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने बटणांची ओळ पडद्याच्या मध्यभागी सरकवली, परंतु ती पुन्हा डावीकडे नेण्याची मुभाही ठेवली. एवढ्या एका मुभेत मागच्या दशकाचा धडा साठवलेला आहे. कार्यप्रणाली असो, कळफलक असो की लिपी असो, सुधारणेची योग्यता केवळ नव्या माणसाच्या सोयीवरून ठरवणे अपुरे आहे. जुन्या माणसाच्या बोटांत जे साठलेले आहे, तेही ज्ञानच होय. आणि सुधारकाच्या हिशेबात त्याला जमेच्या बाजूस जागा मिळाली पाहिजे.