पाया, कळस आणि परांची

इमारतीच्या दोन अंगांना मराठी भाषेने मोठा मान दिला आहे. एक पाया आणि दुसरा कळस. संतपरंपरेचे वर्णन करताना वारकऱ्यांनी हीच दोन रूपके योजली, आणि संस्थेच्या वर्धापनदिनी बोलणारा वक्ताही पायाच्या दगडांचे स्मरण केल्यावाचून खाली बसत नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू उभी राहत असते. तिच्यावाचून भिंत माणसाच्या डोक्यापलीकडे जात नाही आणि कळसही चढत नाही. ती वस्तू म्हणजे परांची. कोणी तिला पहाड असेही म्हणतात. काम पुरे झाले की तिच्या गाठी सोडतात, बांबू दुसऱ्या कामावर जातात, आणि कळसाला हात जोडणाऱ्या भाविकाच्या मनातही ती येत नाही.

आज आम्ही या परांचीचा, आणि विशेषेकरून ती बांधून घेणाऱ्या माणसाचा, इतिहास आपणांपुढे ठेवणार आहोत. त्या माणसाला पूर्वी मुकादम म्हणत, आता सुपरवायझर म्हणतात. परांचीचा इतिहास हा बांबूपासून लोखंडी नळीपर्यंतचा इतिहास आहे हे खरे. पण त्याच्या पोटात दुसरा एक इतिहास आहे. उंचावर चढलेल्या मजुराच्या जिवाचा जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर समाजाने कसे कसे शोधले, त्याचा तो इतिहास होय. हे उत्तर अद्याप पुरते हाती आलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी आपणांस फार लांब नेण्याचीही गरज नाही. नाशिकरोडच्या पूर्वेस एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत, तेथवर आलात म्हणजे पुरे.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्याकडील अतिप्राचीन वास्तुकाम डोंगरात कोरलेले आहे. नाशिकची पांडवलेणी सर्वांच्या परिचयाची आहेत. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातील असून राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. ते वरून खाली कोरीत आणले. म्हणजे तेथे शिखर आधी झाले आणि जोते शेवटी! ज्या खडकावर कारागीर उभा होता तो खडकच त्याची परांची होता. काम जसजसे उतरे तसतसा कारागीरही उतरे. परंतु दगडावर दगड रचून देऊळ उभारावयाचे ठरले, की हा क्रम उलटतो. मग माणसाला कामाबरोबर वर जावे लागते, आणि वर जाण्यासाठी त्याच्या पायाखाली काहीतरी बांधावे लागते.

आपले काळारामाचे मंदिरच घ्या. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधविले. रामशेजचा दगड आणला, रोज २,००० माणसे राबली आणि १२ वर्षे काम चालले, असे सांगितले जाते. शिखराची उंची सुमारे ७० फूट. ७० फुटांवर घडीव दगड चढवावयाचा म्हणजे तेथवर माणसे, दोर, फळ्या आणि या सर्वांचा भार सोसणारा पहाड हवा. ओढेकरांचे नाव आपण सर्व जाणतो, आणि ते जाणावे हे योग्यच आहे. पण त्या १२ वर्षांत सकाळी उठून पहाडाच्या गाठी तपासणारा जो कोणी असेल, त्याचे नाव या सभेत कोणी सांगू शकेल काय? इतिहास देणगीदाराला लक्षात ठेवतो, क्वचित शिल्पकाराला ठेवतो. परांची बांधणारा मात्र आपल्या परांचीबरोबरच उतरून निघून जातो.

या बांबूच्या परांचीला कोणी गबाळे काम समजू नये. तिचेही एक शास्त्र आहे. उभे बांबू जमिनीत पुरावयाचे किंवा त्यांच्या बुडाशी पक्का आधार द्यावयाचा. त्यांना ठराविक उंचीवर आडवे बांबू बांधावयाचे. आडव्यांवरून भिंतीकडे आखूड बांबू टाकून त्यांवर फळ्या अंथरावयाच्या. आणि सारा सांगाडा एका अंगाला झुकू नये म्हणून तिरपे बांबू द्यावयाचे. भिंतीला बांधून घेतले नाही तर ही सारी उभारणी वाऱ्याची बाहुली होते. जुन्या विटांच्या बांधकामात कोठे कोठे ओळीने चौकोनी भोके दिसतात. ज्यांत परांचीची आखूड लाकडे अडकवीत, त्या जागा या. परांचीने मागे ठेवलेली खूण एवढीच.

खरी परीक्षा गाठीची असे. काथ्याची वा तागाची दोरी पावसात भिजली की आवळते आणि उन्हात वाळली की ढिली पडते. म्हणून पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडले, की जाणता मुकादम गवंड्याला वर चढू देण्याआधी स्वतः चढे आणि एकेका गाठीवर हात फिरवी. त्याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते त्याच्या बोटांत होते. हे ज्ञान थोर खरे, पण त्यात एक मोठी उणीव होती. बोटांतले ज्ञान बोटांबरोबर जाते. मुकादम आजारी पडला, किंवा मालकाशी न पटून काम सोडून गेला, तर त्या दिवशी परांचीला जाणता कोणीच उरत नसे. आणि मजूर पडला तर? दैवाची गोष्ट म्हणून प्रकरण मिटे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्येत मोठा पालट झाला. इंग्लंडात डॅनियल पामर-जोन्स नावाच्या गृहस्थांनी दोरीच्या जागी लोखंडी जोड आणले. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या कामावर त्यांचे जोड वापरले गेले. १९१९ च्या सुमारास नळीला नळी काटकोनात घट्ट धरणारा जोड तयार झाला. लाकडी वाशाऐवजी लोखंडी नळी आली, गाठीऐवजी नटबोल्ट आला. या पालटाचा खरा अर्थ असा की, परांची मोजता येऊ लागली. गाठ किती घट्ट आहे हे ज्याची त्यालाच कळे; बोल्ट किती पिळला आहे हे दुसऱ्यालाही पाहता येते. जेथे मोजमाप आले तेथे नियम आला, आणि नियम आला की त्याचा जाब देणारा माणूस ठरवावा लागतो.

तो माणूस १९३७ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठरविला. बांधकामावरील सुरक्षिततेसंबंधी तिने त्या वर्षी जो करार केला, त्यात असे कलम घातले की, परांची उभारणे, उतरविणे किंवा तिच्यात मोठा फेरफार करणे हे काम जाणत्या व जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. श्रोतेहो, हजारो वर्षे निनावी राहिलेल्या मुकादमाची कायद्याच्या भाषेत प्रतिष्ठापना झाली ती अशी. ‘जाणता’ आणि ‘जबाबदार’ ही दोन विशेषणे ध्यानात ठेवावीत. आमच्या सर्व विवेचनाचा भार या दोन शब्दांवर आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२३ च्या कायद्याने अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. पण हा कायदा माणूस पडल्यानंतर जागा होणारा होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ३२ व्या कलमात उंचीवर काम करणाऱ्याला कठड्याचे किंवा तत्सम संरक्षण देण्याचे बंधन घातले. परंतु ते कारखान्यातल्या कामगारापुरते. १९६४ साली भारतीय मानक संस्थेने पोलादी परांचीचे मानक प्रसिद्ध केले आणि १९६६ साली परांची व शिड्या यांच्या सुरक्षिततेची संहिता. तथापि मानक म्हणजे कायदा नव्हे.

अशा स्थितीत एकलहरे येथील वीज केंद्र उभे राहिले. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये चालू झाले. २१० मेगावॅटचे पुढील तीन संच १९७९ ते १९८१ या काळात. त्या वेळी ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे होते, २००५ पासून महानिर्मिती कंपनीकडे आहे. १४० मेगावॅटचे ते जुने दोन संच मध्यंतरी बंद झाले. येथे कायद्यातील एक विसंगती स्पष्ट दिसते. चालू झालेले वीज केंद्र हा कारखाना. त्यात काम करणाऱ्याला १९४८ च्या कायद्याचे छत्र होते. परंतु तेच केंद्र ज्याने उभारले, ज्याने चिमणीच्या कडेला उभे राहून काँक्रीट ओतले, त्या बांधकाम मजुराच्या सुरक्षिततेसाठी देशव्यापी असा स्वतंत्र कायदा त्या वेळी नव्हता. तो आला १९९६ साली. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीवर स्वतंत्र प्रकरण आले आणि जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीची अट आली. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. जिनीव्हाचे कलम १९३७ चे आणि आपला कायदा १९९६ चा. मध्ये ५९ वर्षे गेली!

वीज केंद्र एकदा बांधून झाले की तेथला परांचीवाला मोकळा होतो, असे मात्र नाही. देवळाचा पहाड एकदा उतरला की दोन-चार पिढ्या चढत नाही. वीज केंद्रात मात्र परांची वर्षोवर्षी चढते, आणि तीही पुष्कळदा आत, बॉयलरच्या पोटात. २१० मेगावॅटच्या संचाचा बॉयलर सुमारे पंधरा मजल्यांएवढा उंच असतो. त्याच्या भट्टीच्या चारही भिंती पाण्याच्या नळ्यांच्या. राखेने झिजलेल्या नळ्या तपासण्यासाठी आणि बदलण्यासाठी संच बंद करून, भट्टी थंड झाल्यावर, तळापासून माथ्यापर्यंत परांची उभारावी लागते. तळ सपाट नसतो. राख खाली घसरावी म्हणून तो नरसाळ्यासारखा उतरता केलेला असतो. नळ्या, फळ्या, जोड, सारे सामान माणूस वाकून जेमतेम शिरेल अशा दारातून आत न्यावयाचे. उजेड म्हणजे कमी दाबाचे दिवे. डोक्यावर भिंतीला चिकटलेले राखेचे खडे. ते आधी पाडून घेतल्याखेरीज कोणाला आत सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी पाठविणे.

अशा जागी सुपरवायझर काय पाहतो? बुडाचा आधार घसरणार नाही ना; उभ्या नळ्या ओळंब्यात आहेत ना; तिरपे आधार कोणी वाटेत येतात म्हणून काढले तर नाहीत ना; फळीची टोके बांधलेली आहेत ना; कठडा आहे ना; आणि खालच्या माणसावर हत्यार पडू नये म्हणून फळीच्या कडेला आडवी पट्टी आहे ना. हे सारे पटले म्हणजे तो हिरवी चिठ्ठी अडकवितो. न पटले तर लाल. लाल चिठ्ठी असलेल्या परांचीवर कोणी चढावयाचे नाही.

चिठ्ठी अडकविणे सोपे दिसते, पण तिची किंमत पाहा. २१० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर एका दिवसात ५० लाख ४० हजार युनिट वीज देतो. संच बंद आहे तोवर प्रत्येक दिवशी एवढी वीज बुडते. म्हणून दुरुस्तीचे दिवस मोजून दिलेले असतात. वेल्डर खाली थांबलेले, तपासणीस खाली थांबलेले, मोठ्या ठेकेदाराचा माणूस घड्याळ पाहत असलेला. आणि ज्याने लाल चिठ्ठी लावावयाची तो बहुधा पोटठेकेदाराच्या पगारावर असलेला! कायद्याने त्याला जबाबदार केले. ‘थांबा’ म्हणण्याचे बळ त्याला कोणी दिले?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे संच उभे राहत होते त्याच सुमारास, २७ एप्रिल १९७८ रोजी, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे एका वीज केंद्राचा शीतन मनोरा बांधला जात होता. तेथील परांची जमिनीवर उभी नव्हती; मनोऱ्याचा जो थर आदल्या दिवशी ओतला होता त्यालाच ती अडकविलेली होती. काँक्रीट कोवळे होते. सकाळी वर भार चढू लागला, तो थर सुटला आणि १६६ फुटांवरून सारी परांची खाली आली. ५१ माणसे गेली; त्यांत एकाच घराण्यातील ११ होती. सरकारी चौकशीत काँक्रीटला पुरेसे बळ आले नव्हते हेच निष्पन्न झाले. पुढे २०१६ साली चीनमध्ये फेंगचेंग येथे शीतन मनोऱ्यावरच, कोवळ्या काँक्रीटचा आधार घाईने काढल्यामुळे, ७० हून अधिक माणसे दगावली. म्हणजे ३८ वर्षांत शास्त्र पुढे गेले, पण घाई होती तेथेच राहिली. दोन्ही ठिकाणी नळी तुटली म्हणून माणसे मेली नाहीत. आणखी एक-दोन दिवस थांबावयास हवे होते, ते थांबणे झाले नाही म्हणून मेली.

कोणी म्हणेल, हा सारा प्रश्न ठेकेदारांचा आणि सरकारचा. आम्हां नागरिकांचा यात काय संबंध? संबंध आहे. आपण घर बांधावयास काढतो तेव्हा सिमेंटचा दर विचारतो, लाद्यांचा रंग निवडतो, वास्तुशांतीचा मुहूर्त आधी ठरवून ठेवतो. परांचीसाठी किती रक्कम धरली आहे, ती कोण तपासणार आहे आणि त्याने काम थांबविले तर त्याचा रोज कापला जाईल की काय, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? मुहूर्त ठरविणारा मालक हाही घाईचा एक धनी असतो. जेथे परांचीचा खर्च ठेक्यात स्वतंत्र मांडलेला असतो आणि लाल चिठ्ठी लावणाऱ्याचा पगार घाई करणाऱ्याच्या हातून येत नाही, तेथे ‘जबाबदार’ या विशेषणाला अर्थ येतो. अन्यथा तो अपघातानंतर पकडावयाचा माणूस तेवढा ठरतो.

जाणत्या माणसाला जबाबदार करावयास जगाने १९३७ पर्यंत वेळ घेतला आणि आपण १९९६ पर्यंत. जबाबदाराला समर्थ करणे हे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते एकट्या कायद्याने व्हावयाचे नाही. आपल्या बांधकामावर परांचीवाला ‘आज कोणी वर चढायचे नाही’ असे म्हणाला, तर त्या दिवशी त्याच्या शब्दाला मान देणे आणि त्याचा त्या दिवसाचा रोज चुकता करणे एवढे तरी आपल्या हाती आहे. पाया आणि कळस यांना आपण मान देतच आलो आहोत. त्यांच्या मध्ये उभा असलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतावा, यासाठी हा तिसरा मान आपण दिला पाहिजे.