‘गोरा’ म्हणजे कोण?

मागच्या वेळी आपण व्याख्येविषयी बोललो. आज अशी एक व्याख्या बघू, जिच्यापायी माणसं देशोधडीला लागली.

1790 साली अमेरिकेने कायदा केला : परदेशातून आलेल्यांपैकी ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसालाच नागरिकत्व. 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेल्यांचं काय? तर त्यांनी ‘आम्ही गोरेच’ हे कोर्टात सिद्ध करायचं!

नोव्हेंबर 1922 मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. का? गोरा म्हणजे नुसती उजळ कातडी नव्हे, गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’. बरं. तीन महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 ला, भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. पंजाबी शीख, अमेरिकी सैन्यात राहिलेले. त्या काळचं मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत असे. मग निष्कर्ष उघड आहे. आमच्या वर्गातल्या पहिल्या वर्षाच्या मुलानेही तो काढला असता. पण ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांनी आता लिहिलं, की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते बघायचं. म्हणजे युक्तिवाद चालू असताना शब्दाचा अर्थच बदलला. आणि हे सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले!

त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी 1928 मध्ये जीवन संपवलं.

इथपर्यंत ऐकून आपल्याला राग येतो, आणि तो यावाच. पण आम्हाला बोचतं ते पुढचं. थिंद यांची बाजू कोणती होती? मी उच्चवर्णीय आहे, शुद्ध आर्य आहे, आणि खालच्यांपासून आम्ही अंतर राखतो, तुमच्यासारखंच. भिंत पाडा असं ते म्हणाले नाहीत. भिंत राहू द्या, मला आत घ्या, एवढंच मागणं. आणि बघा, त्याच देशात, मे 1916 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचे आंबेडकर निबंध वाचून सांगत होते, की जातीचं मर्म रंगात वा वंशात नाही, ते जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे.

थिंद यांना 1936 मध्ये नागरिकत्व मिळालं, ते माजी सैनिक म्हणून. भारतीयांसाठी दार किलकिलं झालं 1946 साली : वर्षाला शंभर माणसं.

तेव्हा ‘आतला कोण, बाहेरचा कोण’ असा वाद कानावर आला, की आपण दोन गोष्टी तपासाव्यात. व्याख्या मध्येच कोणी बदलली? आणि आपण भिंत पाडायला निघालोय, की नुसती बाजू बदलायला? यातला दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण तो आपल्याला स्वतःलाच विचारावा लागतो.