खिडकी उघडी ठेवणारे लोक

मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' १९१२ साली कोलकात्यात सुरू झाले. १९१४ मध्ये इंग्रजांनी प्रेस कायद्याचा बडगा उगारून ते बंद पाडले. हे शिकवताना वर्गात प्रश्न येतोच, "सर, एवढी मोठी हुकूमत एका अखबाराला का घाबरली?" उत्तरासाठी मी मुलांना शंभर वर्षे पुढे, इजिप्तमध्ये नेतो.

२५ जानेवारी २०११ला कैरोच्या तहरीर चौकात लोक जमू लागले. होस्नी मुबारक तीस वर्षे सत्तेवर होते. २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेट तोडले गेले. दुसऱ्या दिवशी मोबाइलही मुके झाले. शेअर बाजाराला सेवा देणारी एक कंपनी तेवढी आणखी तीन दिवस चालू राहिली. बाजाराला मुभा, माणसाला नाही!

पण घरातले जुने लँडलाइन फोन चालू होते. फ्रान्समधल्या 'एफडीएन' या ना-नफा संस्थेने पॅरिसचा एक नंबर मोफत खुला केला. जुना मॉडेम असलेला कुणीही त्यावर फोन लावून इंटरनेटला जोडला जाई. गूगल आणि ट्विटरने अशी सोय केली की परदेशी नंबरवर आवाज नोंदवला की तो संदेश जगाला ऐकू जाई. स्वयंसेवक त्या अरबी संदेशांचे भाषांतर करत.

२ फेब्रुवारीला इंटरनेट परत आले, ११ला मुबारक गेले. ते इंटरनेटमुळे गेले, असे मी मुलांना सांगत नाही. ते गेले रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे. बाहेरच्यांनी फक्त त्या माणसांचा आवाज कोंडू दिला नाही. मदत एवढीच असते, आणि ती लहान नसते.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. २०१७ मध्ये नव्या राजवटीने 'अल जझीरा'सह अनेक संकेतस्थळे बंद केली. खिडकी एकदा उघडून भागत नाही.

आज टॉर प्रकल्पाचे 'स्नोफ्लेक' आपल्या ब्राउझरमध्ये बसवले, की बंदी असलेल्या देशातला एखादा अनोळखी माणूस आपल्या जोडणीतून वाट काढू शकतो. त्याचे नाव आपल्याला कधी कळत नाही.

अखबाराला घाबरण्याचे कारण मग मुलेच सांगतात, "सर, जुलूम करणाऱ्याला साक्षीदार नको असतो."